चौथी बॅग

मेघाच्या पाठीत दुखणं शिरलं, तेव्हा पहिला आळ आला तो बॅगेवर. येणारच होता. नऊ वर्षं ती नागपुरात लग्नांचे फोटो काढत होती. सात किलोंची काळी बॅग उजव्या खांद्यावर, आणि खांदा असा ओढलेला की तिची सासू सिंधूताई म्हणायची, ह्या पोरीले दारात उभी केली का दारच वाकडं दिसते. फोटोवाल्यांची पाठ दुखतेच. दोन फोटोवाले मांडवाच्या कडेला भेटले की आधी एकमेकांच्या मानेची न् कमरेची खुशाली विचारतात, आणि सल्लाही ठरलेला असतो: बॅग बदल.

मेघाने बदलली. एका खांद्याची सोडली, दोन खांद्यांची घेतली. दुखणं तिथंच. मग जाड गादीच्या पट्ट्यांची घेतली. दुखणं तिथंच. मग चाकांची घेतली. ती कार्यालयाच्या फरशीवर गुळगुळीत पळायची आणि गावच्या मांडवात मातीत रुतून बसायची, रुसलेल्या करवलीसारखी. अकरा महिने मेघा बॅगा बदलत राहिली आणि अकरा महिने आतल्या आत तिचा मणका झिजत राहिला. शेवटी एका लग्नात, वधूवर पांढऱ्या कपड्यांत बुद्धवंदनेला उभे असताना, तिच्या पायांत मुंग्या आल्या आणि पाय गेले. हातातला कॅमेरा तिने तेवढा धरून ठेवला. मणक्याचा क्षय, असं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? ती काय सांगणार. बॅगा बदलत होते, हे सांगायची तिला लाज वाटली.

पुढचं दीड वर्ष गोळ्यांचं, छातीपासून कमरेपर्यंत आवळलेल्या पट्ट्याचं, आणि शहराच्या कडेला, वाडी भागातल्या भाड्याच्या खोलीच्या छताकडे बघण्याचं. बाहेर अमरावती रोडवर ट्रक जायचे आणि खाटेची दांडी थरथरायची. नवरा प्रशिक हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी करून यायचा, तिची वेणी घालायचा, वाकडी घालायचा, आणि ती वाकडी वेणी ती दिवसभर तशीच ठेवायची.

मोठा कॅमेरा गेला. चालता यायला लागल्यावर तिने छोटा घेतला, ओंजळीत मावणारा. त्याच्या तीन लेन्सा, वाट्यांएवढ्या. एक अख्खी खोली कवेत घेणारी. एक डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवणारी. तिसरी लांबून चेहरा जवळ आणणारी, आणि ही तिची लाडकी. मोठ्या कॅमेऱ्याच्या असल्याच लेन्समधून नवरीच्या पापणीवर अडकलेली तांदळाची कणीसुद्धा मेघाने टिपली होती, नवरीला कळू न देता.

आणि काम आलं. उमरेडहून पुष्पलता नावाच्या विणकर बाईचा फोन आला. त्यांच्या बायांच्या गटाला मागावरच्या साड्यांचे, हातांचे, तोंडांचे फोटो हवे होते, मोबाईलवरून साड्या विकायच्या म्हणून. मंगळवारी एक पूर्ण दिवस. मागाच्या खोल्या अरुंद, सामान खाली ठेवायला जागा नाही, जे लागेल ते अंगावरच वागवावं लागेल. मेघा हो म्हणाली. दीड वर्षातलं पहिलं हो.

म्हणून आता बॅग हवी होती. दुखणं लागल्यापासूनची चौथी. रविवारी प्रशिकला सुट्टी होती, तेव्हा दोघं मोटरसायकलवर बर्डीच्या बाजारात आली, मनोहररावांच्या दुकानात. आधीच्या तिन्ही बॅगा इथूनच नेलेल्या. पायरी चढताना मेघाला आत टांगलेल्या बॅगा दिसल्या. आपण पुन्हा त्याच विहिरीत वाकून बघतोय, असं तिला वाटलं.

मनोहररावांनी तिला पाहून चष्मा पुसला, परत घातला, आणि काहीच विचारलं नाही. नुसते म्हणाले, "लय दिवसांनी आली वं मेघा. बस. जावईबापू, तुमीही टेका."

त्यांच्या दुकानाची एक रीत होती आणि ती सगळ्या फोटोवाल्यांना ठाऊक होती. गिऱ्हाइकाने आपलं सामान घेऊन यायचं, बॅगेत भरायचं. मनोहरराव ती भरलेली बॅग आकड्याच्या काट्याला टांगून वजन सांगायचे. मग बॅग अंगावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी मेट्रोच्या खांबाला हात लावायचा आणि परत यायचं, दोनदा. त्याशिवाय बॅग मिळत नसे. दुकानात बॅग गाय असते, ते म्हणायचे, मांडवात गेली का तिले शिंगं फुटतात.

आधी त्यांनी कमरेला बांधायची काढली. मेघाने बांधली आणि लगेच सोडली. पट्टा नेमका त्या मणक्यावर बसत होता, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी. मग तिरकी, एका खांद्यावरून छातीवर येणारी. ती पुढे ओढून झरकन लेन्स काढता येत होती, पण भार एकाच अंगाला पडत होता आणि तो तिला वर्ज्य होता. प्रशिक हळूच चाकांच्या बॅगेकडे सरकला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तो म्हणाला, एवढं कशाला, मंगळवारी मी रजा टाकतो, सामान मी धरतो, तू नुसते फोटो काढ.

"मले बॅग घ्यायची हाय," मेघा म्हणाली, "हमाल नाही."

मनोहरराव मिशीत हसले. प्रशिकही हसला, पण उशिरा.

शेवटी एक करडी निघाली. पाठीवरची, दोन्ही खांद्यांची, लहानशी. बाजूला एक दार, म्हणजे बॅग पाठीवरून न उतरवता, नुसती कुशीशी ओढून, आत हात घालता यावा. आत मऊ कप्पे. मेघाने कॅमेरा ठेवला, तिन्ही लेन्सा ठेवल्या, जास्तीच्या बॅटऱ्या, पाण्याची छोटी बाटली. सगळं असं बसलं जसं घर आधीच बांधून ठेवलं होतं आणि माणसं आज राहायला आली. मनोहररावांनी काट्याला टांगली. एक किलो आठशे.

"पेलन?" त्यांनी विचारलं.

मेघाला त्याची काळजीच नव्हती. पेलायचं ती शिकत आलीच होती. उन्हाळ्यापासून रोज सकाळी ती गच्चीवर वजन घेऊन चालायची. सिंधूताईंनी जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्या शिवून दिल्या होत्या, पावपाव किलो वाळूच्या. तिला वाकायला मनाई, म्हणून प्रशिक पाळीवरून आला की जुन्या दप्तरात पुरचुंड्या भरायचा आणि ते तिच्या पाठीवर चढवून द्यायचा. एका पुरचुंडीपासून सुरुवात केली होती. आता आठ झाल्या होत्या. आठ पुरचुंड्या, दोन किलो, गच्चीला वीस फेऱ्या, आणि घाम नाही. त्या वाढत जाणाऱ्या वजनाच्या जोरावरच तिने उमरेडला होकार दिला होता.

"रोज दोन किलो चालवते, काका," ती म्हणाली. आवाजात जरा तोरा होता.

"मेघा, आज ऊन हाय," प्रशिक म्हणाला. "राहू दे ना फेरी. बॅग चांगली हाय, घेऊन टाकू."

"त्यायची रीत हाय," ती म्हणाली आणि निघाली.

खांबापर्यंत ठीक गेलं. रविवारची गर्दी होती, कपड्यांचे गाडे रस्त्यात आले होते, आणि ती त्यातून अंग चोरत चालली तरी मनात एक गाणं होतं. पाठीवर भार आहे आणि भारात आपलं पोट आहे, आपलं नाव आहे. खांबाला हात लावला. वळली.

परतताना, एका चपलांच्या गाड्यापाशी, ते आलं. आधी एक ऊब, मग एक कळ. खांद्यात नाही, मानेत नाही. तिथंच. ओळखीच्या पावण्यासारखं, दार न वाजवता. ती आणखी दहा पावलं चालली. कळ रुंद झाली. ती परत खांबाशी गेली आणि टेकली. तिने चपलेतली पायाची बोटं हलवून पाहिली, जसं दवाखान्यात रोज विचारत तसं. हलत होती. पुन्हा हलवून पाहिली. हलत होती. पण मागच्या वेळीही सुरुवातीला हलतच होती.

वरून मेट्रो गेली. खांब थरथरला तेव्हा तिला खाटेची दांडी आठवली, छत आठवलं. दोन किलो रोज हसत नेणारी पाठ आज अठराशेला का ओरडते? याचा एकच अर्थ होता. दुखणं परत आलं होतं. मंगळवार गेला. उमरेड गेलं. आणि ते गेलं तर जाऊ दे, पण पुन्हा पट्टा, पुन्हा गोळ्या, पुन्हा ती वाकडी वेणी घेऊन भिंतीकडे तोंड. नाही, त्यापेक्षा मरण आलेलं बरं. तिथं उभ्या उभ्या तिने ते कुणाकडे तरी मागितलं, कुणाकडे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ती दुकानात आली तेव्हा चेहऱ्यावरूनच दोघांना कळलं. प्रशिकने बॅग उतरवून घेतली. ती उभीच राहिली, कारण बसताना काय होईल याची तिला भीती वाटत होती.

"तिथंच दुखलं," ती म्हणाली. "दवाखान्यात चला."

"मेघा..."

"आत्ता चला. मागच्या वेळी अकरा महिने घालवले मी. एक दिवस नाही घालवणार. परत आलं ते, मले समजून राहिलं ना, तिथंच हाय."

"नाही आलं," प्रशिक म्हणाला.

"तुमाले काय माहीत?"

प्रशिकने बॅग काउंटरवर ठेवली. तिचा पट्टा सरळ केला, जो सरळच होता. मनोहरराव एक काच उचलून पुसायला लागले. मग प्रशिक खाली बघत बोलला, कारखान्यात चूक कबूल करताना माणूस बोलतो तसा.

"तू दोन किलो नव्हती उचलून राहिली. एक किलो वाळू खरी हाय. वरच्या चार पुरचुंड्यांत कोंडा हाय. गव्हाचा."

मेघाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि पहिली आली ती सुटका. म्हणजे पाठ भाराने दुखली होती. नुसत्या भाराने. सवय नसलेल्या कुणाचीही दुखेल तशी. ती स्टुलावर बसली.

"आईले माहीत हाय?"

"तिनंच शिवल्या."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. गच्चीवरच्या त्या सकाळी मेघाच्या डोळ्यांपुढून गेल्या. सहावी पुरचुंडी घातली तेव्हा सिंधूताईंनी तिची दृष्ट काढली होती. आठवी घातली तेव्हा प्रशिकने तिच्यासाठी आलुबोंडे आणले होते. सगळी जण आनंदात होती. कोंड्याच्या आनंदात. सुटकेची ऊब तिच्या अंगातून उतरत गेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं. गेल्या महिन्यात पाठीचा मोठा फोटो, एमआरआय, काढला होता. दवाखान्यात रांग लांब होती, तिला बाकावर फार बसवत नव्हतं, म्हणून ती बाहेर फिरत राहिली आणि रिपोर्ट घेऊन प्रशिक एकटाच आत गेला होता. बाहेर येऊन म्हणाला होता, एकदम साफ.

"मंग रिपोर्टातबी कोंडा भरला का तुमी?"

प्रशिकचा चेहरा पडला. तो घाईने नाही म्हणाला असता तर तिने कदाचित विश्वास ठेवला असता. तो थांबला.

"फोन द्या," ती म्हणाली.

त्याने फोनमध्ये रिपोर्टाचा फोटो काढून ठेवला होता. तिने तो बोटांनी मोठा केला. इंग्रजी होतं, पण दीड वर्षात त्यातले शब्द तिच्या घरातलेच झाले होते. एकेक ओळ तिने दोनदा वाचली. रोग नाही. हाड जुळलं. मणक्याचा बाक कायमचा राहील. आणि खाली डॉक्टरांच्या हाताने, निळ्या शाईत: वर्षभर एक किलोच्या वर वजन नको.

वाचून तिने फोन उलटा ठेवला.

"बाक राहते, हे नाही सांगितलं."

"नाही."

"किलोचंबी नाही."

"नाही."

"काहून?"

प्रशिकने फोन सुलटा केला, परत उलटा ठेवला. मनोहरराव आता तीच काच तिसऱ्यांदा पुसत होते आणि त्यांना तिथून जायला जागा नव्हती, दुकानच तेवढं होतं.

"मी डॉक्टरकडून बाहेर आलो," प्रशिक म्हणाला, "तं तू फोनवर होती. उमरेडच्या बाईसोबत. हसून राहिली होती. दीड वर्षात तुले तसं हसताना मी... मी म्हटलं, आज नको. उद्या सांगू. मंग उद्याबी तू गच्चीवर हसतच होती. म्हणून वाळू तेवढीच ठेवली. तुले त्रास तं होत नव्हता ना. अन् मंगळवारी मी आलोच असतो, सामान धराले."

"अन् त्याच्या पुढच्या कामाले?"

त्याने बॅगेचा पट्टा परत सरळ केला.

"मी मघा त्या खांबाले धरून काय मागितलं, तुमाले माहीत हाय?" मेघाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, सांजवेळी विहिरीत सोडलेल्या दोरासारखा. "अकरा महिने मी माह्या पाठीचं खोटं ऐकलं. म्हटलं बॅग हाय, बॅग हाय. आता कुठं तिचं खरं ऐकाले शिकत होती. मले किती पेलते हे तुमाले माहीत, आईले माहीत, डॉक्टरले माहीत. एक मलेच नाही माहीत."

प्रशिकने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. हात काउंटरवर तसाच पडून राहिला, काट्याच्या शेजारी.

थोड्या वेळाने ती उठली. करड्या बॅगेचं बाजूचं दार उघडून तिने एकेक वस्तू बाहेर काढली आणि रिकामी बॅग मनोहररावांकडे सरकवली. त्यांनी न सांगता ती काट्याला टांगली. सातशे ग्रॅम. नुसती बॅगच.

"गादी हाय ना तिच्यात," ते म्हणाले. "सामानाले सांभाळते, माणसाले खाते." मग ते आत गेले, फळीवरचं काहीतरी खाली पाडलं, स्वतःशीच पुटपुटले आणि एक पातळ कापडी बॅग घेऊन आले. दोन साधे पट्टे, आत स्पंजची एक छोटी डबी. शाळेच्या पहिलीतल्या पोराची वाटावी अशी. ही कुणी घेत नाही, ते म्हणाले, रुबाब नाही हिच्यात. भरली का रिकामी, बाहेरून समजतसुद्धा नाही.

तिच्यात कॅमेरा गेला. बॅटरी एकच गेली. लेन्स एकच जाणार होती.

मेघाने तिघींना ओळीत मांडलं. मोठी खोली दाखवणारी तिने आधी बाजूला केली. मग दोघी राहिल्या. लाडकी तिने उचलली, तळहातावर तोलली, डोळ्याला लावली. दुकानाच्या दारातून, लांबवर, चपलांच्या गाड्यावरच्या म्हाताऱ्याचं तोंड तिच्यात जवळ आलं. तो दात कोरत होता. हिच्यातून लांब बसून सगळं मिळतं. पण मागाच्या अरुंद खोलीत लांब जायला जागा कुठं. आणि पातळ, डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवणारी, ती वजनाने निम्मी होती. चेहरा हवा असेल तर माणसाच्या जवळ जावं लागेल. सांगून, बसून, त्याच्या श्वासाएवढ्या अंतरावर. नवरीच्या पापणीवरची कणी आता चोरून मिळणार नव्हती.

लाडकी तिने खाली ठेवली. ठेवताना हात जड झाला.

काट्याने नऊशे तीस सांगितले. मेघा बॅग पाठीवर घेऊन बाहेर पडली. गेली, खांबाला हात लावला, आली. परत गेली, परत आली. दुसऱ्या फेरीला कळ होती, पण जुनी, मऊ, मघाचीच उरलेली. तिने ती ऐकली. किती आहे, कुठं आहे, कुठवर येते, सगळं ऐकून घेतलं. मग दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने उमरेडला फोन लावला.

पुष्पलताबाईंना तिने सरळ सांगितलं. पाठीचं काय झालं होतं ते, वर्षभर किती उचलता येईल ते, आणि एका दिवसात सगळं होईल असं जे कबूल केलं होतं ते तिच्याने होणार नाही हेही. दोन दिवस लागतील. पलीकडे मागाचा खट् खट् आवाज येत होता. तो थांबला.

"दोन दिवस कसे जमतीन, ताई," पुष्पलताबाई म्हणाल्या. "मंगळवारी संध्याकाळी साडी उतरते मागावरून. उतरली का गेली."

मेघाने डोळे मिटले. आता ती म्हणू शकत होती, बरं, मग घरच्यांना घेऊन येते. प्रशिक पाठीमागे चार हातांवर उभाच होता.

"तं मंग असं करा," ती म्हणाली. "सकाळी दोन घंटे काढते. मंग मले आडवं व्हावं लागन, पाठ टेकाले. मंग उठून दुपारचे दोन घंटे. जेवढे होतीन तेवढे फोटो, कमी होतीन. चालन का?"

पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. एक बाई हसली.

"मागाच्या बाजूलेच सतरंजी टाकून देतो," पुष्पलताबाई म्हणाल्या. "आमीबी दुपारी तिथंच आडव्या होतो वं. पण खट् खट् चालू राहीन, झोप नाही येणार तुमाले."

मेघाने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

उरलेल्या दोन लेन्सा प्रशिकने रुमालात बांधल्या होत्या आणि ते बोचकं घेऊन तो उभा होता, कुठं ठेवावं ते न कळून. आधी शर्टाच्या खिशात घालून पाहिलं, मग काढलं. मेघाने मदत केली नाही. मनोहररावांनी नवी बॅग तिच्याकडून परत घेऊन, झटकून, पट्टे तिच्या मापाला आखडून, तिच्या हातात दिली. पाठीवर चढवायला त्यांनी हात लावला नाही. प्रशिक एक पाऊल पुढे आला आणि थांबला. तिने आधी एक हात घातला, मग दुसरा, सावकाश, आणि खांदे सरळ केले, जेवढे होत होते तेवढे.

गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, "राग आला ना?"

"आला."

"किती दिवस राहीन?"

"मोजाले बसू नका."

त्याने मान हलवली. चावी लावली, काढली, परत लावली.

"उद्या दवाखान्यात जाऊ," मेघा म्हणाली. "बाक किती राहते ते मले विचाराचं हाय. आत मी जाईन. एकटी."

"अन् मी?"

"तुमी बाहेर थांबा."

गाडी सुरू झाली. ती मागे बसली. बर्डीच्या गर्दीत गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, खड्डे चुकवत, तिच्या पाठीला जपत. रोज ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. आज हात तिने आपल्या मांडीवर ठेवला, आणि पुढच्या चौकापर्यंत तो तिथेच होता.